संत वेशीत अडकला त्या दिवशी

कास्तेलवेंतोला वेस एकच. तीन बाजूंना तुटलेला कडा, चौथ्या बाजूला घोड्याच्या पाठीसारखी अरुंद वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी ती दगडी वेस. गावाला तिचा भारी अभिमान. इतक्या लढाया झाल्या पण शत्रूला आत पाऊल टाकता आलं नाही, हे इथला प्रत्येक जण सांगतो, आणि न विचारता सांगतो. एर्सिलिया खालच्या सपाटीवरून सून म्हणून आली, तेव्हापासून हे ऐकून तिचे कान किटले होते. शत्रूचं ठीक आहे हो, पण सुनेने बाहेर कुठून पडायचं, हे काही कुणी सांगत नव्हतं.

शत्रूला जे जमलं नाही ते डोंगरानेच मनावर घेतलं होतं. पायथ्याची चिकणमाती पावसागणिक सुटायची आणि कड्यावरचं एखादं घर, एखादी परसबाग दरीत जायची. शेवटी सरकारने खाली नदीकाठी नवं गाव बांधलं. नळ, शाळा, दारात बस. लोक एकेक करून उतरले. एर्सिलियाच्या नवऱ्याच्या, नझारेनोच्या नावावरही तिथे दोन खोल्यांचं घर होतं. त्याची किल्ली वरच्या घरात खुंटीवर गंजत होती, कारण नझारेनोची आई, दोमितिल्लाबाई, हलायला तयार नव्हती.

शाळा खाली गेली तेव्हा एर्सिलियाची मुलगी लोरेदाना सहा वर्षांची होती. तिला मावशीकडे ठेवलं. दर रविवारी एर्सिलिया उतरायची, पोरीची वेणी घालायची, तिच्याबरोबर जेवायची आणि अंधार पडायच्या आत सासूचं सूप करायला पुन्हा वर चढायची. अशी नऊ वर्षं गेली. पोर शहाणी झाली ते मावशीला आधी कळलं, आईला चार दिवसांनी. त्या रविवारी एर्सिलिया वाटेत एका दगडावर बसून मनसोक्त रडली, मग डोळे पुसून वर गेली आणि सुपात मीठ जास्त पडलं म्हणून बोलणी खाल्ली.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. "आईला एकटं कसं सोडायचं?" एवढं बोलून नझारेनो मेंढ्यांकडे जायचा. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे.

तिला धरून ठेवलं होतं ते एका शब्दाने. पहिली घरं आणि शाळा उतरली त्या वर्षी तिने सासूला स्पष्टच विचारलं होतं, तुम्ही येणार की नाही? दोमितिल्लाबाईंनी भिंतीवरच्या संताच्या तसबिरीला हात लावला आणि म्हणाल्या, "सान अर्देलिओ ज्या दिवशी या वेशीतून खाली जाईल, त्या दिवशी त्याच्या मागोमाग मी. त्याचीच शपथ." एर्सिलिया "बरं" म्हणाली. संताच्या शपथेवर आणखी काय बोलणार!

सान अर्देलिओ म्हणजे गावाचा राखणदार. अख्ख्या अक्रोडाच्या खोडातून कोरलेला, सिंहासनावर बसलेला, एक हात आशीर्वादाला वर आणि दुसरा बाजूला लांब पसरलेला. त्या पसरलेल्या तळव्यावर इवलंसं कास्तेलवेंतो, घंटेच्या मनोऱ्यासकट. प्लेगच्या वर्षी बैलगाडीतून तो याच वेशीतून आत आला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हापासून तो बाहेर पडलेला नाही. उत्सवात त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचं, वेशीपर्यंत आणायचं, खालची दरी दाखवायची आणि तिथूनच माघारी फिरवायचं. उंबरा ओलांडला तर डोंगर बसेल, अशी समजूत. इतिहास सगळ्यांना तोंडपाठ, पण वेशीला कधी कुणी मापाची दोरी लावून पाहिली नव्हती.

त्या वर्षी देवळाच्या छताला हात जाईल एवढी भेग पडली, आणि बिशपचा हुकूम आला: संताला खाली नव्या देवळात न्या. एर्सिलियाने ऐकलं आणि ती हातातलं पीठ तसंच घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि भीती वाटत होती. म्हातारी मात्र शांतपणे हरभरे निवडत होती.

उत्सवाच्या सकाळी एर्सिलियाने गाठोडी बांधली, कोंबड्या पिंजऱ्यात घातल्या आणि खुंटीवरची किल्ली गळ्यात अडकवली. सासूसाठी एक घडीची खुर्चीही घेतली, वाटेत बसायला. खाली गेलेली माणसं संताला न्यायला पुन्हा वर आली होती. पुढचे दांडे नझारेनो आणि त्याच्या सोबत्यांच्या खांद्यावर, मागचे सुतार इजिद्यो आणि त्याच्या भावांच्या. बँड वाजत होता. पुढची माणसं वेशीतून बाहेर पडली, संत कमानीखाली आला, आणि कडकन आवाज होऊन जागीच थांबला.

"थांबलात काय, चला की!"

"चला काय? अडकलंय!"

पसरलेला हात एका बाजूच्या दगडात रुतला होता आणि सिंहासनाची कड दुसऱ्या बाजूला. "डावीकडे घ्या!" "अरे, तुझी डावी की माझी?" ओढलं, ढकललं, शिव्याही दिल्या, मग संतासमोर शिव्या दिल्या म्हणून छातीवर क्रूसाची खूण केली. तो ना पुढे सरके ना मागे. निम्मं गाव बाहेर, निम्मं आत, आणि गावाची एकुलती एक वाट खुद्द राखणदारानेच बुजवलेली. वेशीपलीकडून नझारेनोचा नुसता आवाज येत होता.

"पण आत आला तेव्हा कसा आला होता?" फादर फ्लाविओ घाम पुसत म्हणाले.

"तेव्हा वेस रुंद होती," दोमितिल्लाबाई म्हणाल्या. खुर्ची उघडून त्या सावलीत बसल्या होत्या. "मोठ्या भूकंपानंतर कमान खचली, म्हणून आतून दोन्ही बाजूंना नवा दगड घातला. माझे वडीलच गवंडी होते. ओळंब्याची दोरी मी धरली होती."

"मग बोलला का नाहीत?" इजिद्यो ओरडला.

"मला कुणी विचारलं?"

एर्सिलिया सासूसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं. शपथ घेतलीत तेव्हाही माहीत होतं."

"होतं की."

"मग सरळ नाही म्हणायचं होतं, आई!"

"नाही म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी पोरीला घेऊन गेली असतीस." म्हातारीच्या आवाजात ना राग होता ना लाज. "आशा होती म्हणून राहिलीस. माझा मुलगाही राहिला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच एर्सिलियाला ते सहन झालं नाही. ती त्याच दिवशी गेली असती. सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून गेली असती.

फादर मूर्तीला किंवा वेशीला हत्यार लावायला बिशपची परवानगी मागवायचं म्हणत होते, आठवडाभरात उत्तर येईल म्हणत होते. एर्सिलियाने इजिद्योच्या पेटीतली करवत उचलली.

"अगं ए, काय करतेस? पाप लागेल!"

"लागू दे."

ती दांड्यावर चढली आणि संताच्या मनगटाला करवत लावली. बायका किंचाळल्या, कुणीतरी तिचा घागरा ओढला, तिने लाथ झाडली. अक्रोडाचं जुनं लाकूड कापता कापेना. दंड भरून आले, तरी ती थांबली नाही. शेवटी इजिद्योच शिव्या देत वर चढला आणि त्याने करवतीचं दुसरं टोक धरलं. हात सुटून खाली पडला, मूर्ती हिसका बसून मोकळी झाली आणि बाहेरच्या माणसांनी तोल सावरत तिला उतारावर नेलं.

एर्सिलिया धापा टाकत सासूकडे वळली. "गेला. आता चला."

दोमितिल्लाबाईंनी वाकून तो हात उचलला, गावासकट मांडीवर घेतला आणि शालीच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसली. "सगळा कुठे गेला? एवढा इथेच आहे."

एर्सिलियाने कोंबड्यांचा पिंजरा उचलला आणि ती वेशीतून बाहेर पडली. मागून "सूप कोण करणार?" अशी हाक आली. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण मान वळू नये म्हणून तिला दात घट्ट आवळावे लागले. पुढे दांड्याखाली नझारेनो चालत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वर गावाकडे, आणि मान खाली घातली.

नव्या देवळापाशी लोरेदाना मेणबत्ती घेऊन उभी होती. आईपेक्षा बोटभर उंच झालेली, वेणी स्वतःच घातलेली.

"आजी नाही आली?"

"नाही."

"मग तू जेवून जाणार की आत्ताच?" पोरीने विचारलं, आणि दर रविवारसारखी आईची परत चढताना पांघरायची शाल आणायला मावशीच्या घराकडे वळलीसुद्धा.

"लोरेदाना, मी जाणार नाहीये."

पोर थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कोंबड्यांकडे. "बरं," ती म्हणाली. त्या शब्दात राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. मग ती जाऊन शाल घेऊन आली.