खुर्चीत बसणार कोण?

क्रांती पुण्याची नोकरी सोडून कोल्हापूरला घरी आली त्याला दोन महिने झालते आणि आता वडिलांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. "तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या सहलीचं एकदा काय ते करून दाव. ज्येष्ठ मंडळानं वर्षभराचं काम दिलं तर ऱ्हा हितंच. न्हायतर सोमवारी पुण्याची एस्टी."

आणि क्रांतीला पुण्याला जायचं नव्हतं म्हणजे नव्हतं! तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पेठेतली म्हातारी माणसं सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसत्यात, दुपारी घरात बसत्यात, संध्याकाळी परत कट्ट्यावर. पोरांना वेळ न्हाय, टुरवाल्यांना दम न्हाय. मग आपणच न्यायचं की, महिन्यातनं एकदा. हळूहळू, बसत-उठत, कुणाला धाप न लावता.

पहिल्या सहलीला तिनं निवडला पन्हाळा. एवढं इतिहासातलं गाव आणि गाडी थेट वर जाती. तिनं तयारी तरी किती केली? आदल्या रविवारी स्कूटीवरनं जाऊन कुठल्या बाकाला पाठ हाय, कुठल्या हाटेलातली खुर्ची डुगडुगत न्हाय, ते सगळं बघून आली. पन्हाळ्यावरच्या एकूण एक संडासात जाऊन बसून आली, भावा! कमोड हाय का, धरायला काय हाय का, आतनं कडी लागती का. शेवटच्याची कडी आतनं लागली ती लागलीच, अर्धा तास हाका मारत बसली. पण ते बी ध्यानात ठेवलं तिनं. शिवाय गाडीत चढायला सुताराकडनं एक लाकडी पायरी करून घेतली आणि मैत्रिणीकडनं एक चाकाची खुर्ची आणली.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष बाळासो आणि त्यांचे दोस्त सयाजी, दोघं जुने पैलवान. तरुणपणी दोघांची एकदा मैदानात कुस्ती झाली. पाऊण तास झाला तरी कोण पडंना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. झालं! तेव्हापासनं ती कुस्ती संपलीच न्हाय. दोघं रोज शेजारी बसणार, एका बशीतनं च्या पिणार, पण डोळ्यात तेल घालून एकमेकांवर नजर. जो पहिल्यांदा काठी घेईल तो हरला. बाळासोंचा गुडघा गेलाय, सयाजींची कंबर गेलीय, हे अख्ख्या पेठेला म्हाईत. फक्त त्या दोघांना एकमेकांचं म्हाईत न्हाय. आणि ते दोघं काठी घेत न्हाईत म्हणल्यावर कट्ट्यावर दुसरा कोण घेणार?

सकाळी गाडी आली. क्रांतीनं हौसेनं पायरी लावली.

"हे काय?" बाळासो म्हणाले.

"पायरी, काका. चढायला."

"कुणाला?"

आता काय सांगणार? सयाजी पुढं झाले, दांडी धरली, 'हुं' केलं आणि अर्ध्यातच अडकले. मागनं पिराजींनी खांदा लावला. हे पिराजी एकेकाळी फुटबॉलचे गोलकीपर. पोतं चढवावं तसं एकेकाला आत ढकलून शेवटी ते सोताच खाली राहिले, त्यांना ड्रायव्हर गुंडूनं वर वढला. पायरीवर पाय कुणी ठेवला न्हाय. चाकाच्या खुर्चीकडं तर कुणी बघितलं बी न्हाय. तिच्यात पाण्याचा कॅन बसला.

"आणि पोरी, जेवायला काय?" आतनं बाळासोंनी विचारलं.

"मऊ भाकरी, पिठलं. तिखट जरा कमी सांगितलंय."

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. मग सयाजी म्हणाले, "कोण आजारी हाय व्हय गाडीत?"

क्रांतीला तिथंच सोमवारची एस्टी दिसाय लागली.

शिवाजी पूल ओलांडून गाडी केर्ली गावाजवळ आली आणि बाळासो ओरडले, "गुंड्या, थांबीव! माझ्या थोरल्या बहिणीचं घर हाय."

"काका, ठरल्यात न्हाय हे," क्रांती म्हणाली. "आपल्याला वर वेळेत..."

"तिच्या दारावरनं गेलो आणि च्या न्हाय घेतला, तर ती माझ्या तेराव्याला बी यायची न्हाय."

थांबली गाडी. धोंडुबाई अंगणातच बसलेल्या. भावापेक्षा आठ-दहा वर्षांनी थोरल्या, वाळून खारीक झालेल्या, पण आवाज असा की शेजारची म्हस वळून बघंल. सगळ्यांना च्या झाला, पोहे झाले, "घ्या की पावणं, एवढ्यानं काय हुतंय" म्हणून परत पोहे झाले. क्रांती घड्याळ बघून बघून रडकुंडीला आली.

"कुठं चाललाय सगळी?" धोंडुबाईंनी विचारलं.

"पन्हाळ्यावर, आक्का."

"मी येतो."

सून दारात आली. "आत्ती, तुमचं गुडघं बघा आणि..."

"गुडघ्याला काय इचारतीस? ह्या अंगणात लगीन होऊन आलो तवापास्नं तो गड बघतोय. वैरण घालताना बघितला, धुणं वाळत घालताना बघितला. वर कुणी न्हेलं न्हाय. तुझा सासरा म्हणायचा, वर काय हाय? दगडं!"

बाळासो उगंच टोपी काढून परत घालाय लागले. क्रांतीनं मुकाट्यानं पायरी लावली. धोंडुबाईंनी दोन्ही पाय टेकत टेकत, तिच्या खांद्याला धरून, आरामात गाडीत पाय ठेवला. "ब्येस केलीय गं पायरी," म्हणाल्या.

मग गंमत बघा. मागनं बाळासो आले. पायरीकडं बघितलं, सयाजींकडं बघितलं. "बाईमाणसासाठी लावलीय," म्हणाले, "आता उचलायची कशाला?" आणि चढले की पायरीवरनं! त्यांच्यामागं सयाजी, त्यांच्यामागं सगळं मंडळ, एका वळीनं. क्रांतीनं बघितलं, पण तिच्या डोक्यात काय शिरलं न्हाय. ती वेळ जुळवण्यातच गुंतलेली.

पन्हाळ्यावर कोल्हापूरच्या अंगाला तटाजवळ गाडी लागली. क्रांतीनं खुर्चीतला कॅन काढला आणि ती नुसती मांडून ठेवली, कुणाला बोलायची हिंमत न्हाय. धोंडुबाई आल्या आणि बसल्या. पदर सारखा केला, पाय वर घेतले. "चला," म्हणाल्या.

क्रांती ढकलायला मागं गेली तर बाळासोंनी तिला बाजूला सारली. "सोड. माझी बहीण हाय."

खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी धरल्या आणि चालाय लागले. क्रांती बघतच राहिली! सकाळी गाडीपतोर दहा पावलं टाकताना ज्यांचं तोंड आंबट झालतं, ते बाळासो ताठ चालले होते. सगळा भार मुठींवर, गुडघ्याला सुट्टी. आणि म्हणायला काय? म्हातारी बहीण फिरवालाय भाऊ!

आता सयाजी काय खुळं न्हवतं. त्यांनी पाच मिनटं बघितलं, कंबरेवर हात ठेवून बघितलं, आणि पुढं आले. "बाळासो, दमलास. दे हिकडं."

"कोण दमलंय?"

"घाम फुटलाय तुला."

"ऊन हाय. तुला काय करायचंय? बहीण माझी हाय."

"मग माझी काय शत्रू हाय? आक्कांच्या हातचं पोहे खाल्ल्यात मी, मीठ खाल्लंय."

पिराजी पंच झाले. त्या झाडापतोर बाळासो, तिथनं बुरुजापतोर सयाजी, मग पिराजी सोता, कारण पंचालाबी पाय असत्यात. बाकीची मंडळी "आमचा नंबर कधी" म्हणत मागं. धोंडुबाई मधे बसून ऐकत होत्या. बुरुजापाशी त्यांनी हात वर केला. "थांबा."

खाली सगळं दिसत होतं. ऊस, रस्ता, पत्र्याची छपरं, लांब कोल्हापूर. धोंडुबाई डोळ्यावर हात धरून बघत राहिल्या.

"माझं घर कुठलं रं त्यातलं?"

बाळासोंनी बोट केलं, सयाजींनी दुसरीकडं बोट केलं. कुणालाच ठाऊक न्हवतं.

"एवढंसं दिसतंय व्हय सगळं हितनं," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "दगडं म्हणायचा. दगडं बी काय वाईट न्हाईत."

तिथनं परत फिरताना उतार लागला. नंबर सयाजींचा, पण बाळासो मूठ सोडंनात. "उतार हाय, तुला झेपायचा न्हाय." "तुलाच झेपायचा न्हाय." एक मूठ ह्याच्या हातात, एक त्याच्या. ब्रेक कुठं असतोय ते क्रांतीनं गाडीत सगळ्यांना दाखवलं होतं, तेव्हा सगळी खिडकीतनं ऊस बघत होती. खुर्ची निघाली! आधी हळू, मग जोरात, आणि मागं दोन पैलवान चपला घासत, "धर! धर!" "तू धर!" करत फरपटत. क्रांती मागनं धावतीय. पिराजींनी ते बघितलं आणि अंगात काय आलं कुणास ठाऊक, उताराखाली मधोमध उभं राहिले. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, जसा पेनल्टीला उभा राहतोय तसा!

क्रांतीनं डोळे मिटले.

उघडले तर खुर्ची थांबलेली. धोंडुबाईंचे गुडघे पिराजींच्या पोटात, आणि मागं दोघं पैलवान टाचा रोवून, अर्धे आडवे, मुठी धरून तसेच. कुणी सोडलं न्हवतं.

"बैलं तरी शाणी असत्यात रं," धोंडुबाई म्हणाल्या, "उताराला मागं वढत्यात. तुम्ही दोगं एकमेकाकडं बगत हुता."

सगळी जेवायला बसली. पिठल्यावर सगळ्यांनी हाटेलवालीकडनं ठेचा मागून घेतला. क्रांती भाकरीचा तोच तुकडा मोडत बसली. आक्कांना काय झालं असतं तर? एकच खुर्ची, एकच उतार, आणि तोच आपण बघून ठेवला न्हाय. सगळे संडास बघितले!

केर्लीला परत च्या. अंगणात बाळासोंनी घसा खाकरला. क्रांती उभी राहिली, गुन्हेगार उभा राहतोय तशी.

"पोरी, सहल काय बरोबर झाली न्हाय."

"व्हय, काका."

"पिठलं फिकं. बरं, ते ठेच्यानं भागलं. पण तू खुर्ची आणलीस किती? एक. आणि आम्ही माणसं किती? एका खुर्चीला एवढी माणसं लागली तर भांडणं हुणारच, उतारावर जाणारच. व्हय का न्हाय, सयाजी?"

"बरोबर हाय," सयाजी म्हणाले. पहिल्यांदाच.

"पुढच्या महिन्यापासनं चार आण. वर्षाचं काम तुझं. आणि उतारावर मुठीला तू, आम्ही नुसतं बाजूनं धरणार."

क्रांतीला हसावं का रडावं कळंना. "पण काका, चार खुर्च्यांत बसणार कोण? तुम्ही तर कुणी बसत न्हाय."

खरंच की! ढकलायला अख्खी पेठ, पण बसायला?

"मी हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी आपापल्या बायका आणाव्यात. का घरात डांबून ठिवल्यात?"

सगळे एकमेकांची तोंडं बघाय लागले. सयाजींनी हळूच खिशातनं फोन काढला, कोपऱ्यात गेले, पण ऐकू कमी येतंय म्हणून स्पीकर लावतात, ते इसरले.

"ऐकलीस का? पुढच्या महिन्यात आमच्यासंगं सहलीला येतीस?"

"कशाला? तितं जाऊन सैपाक करायला?"

"न्हाय गं. बसायला."

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "पिऊन आलाय का?"

सयाजींनी घाम पुसला आणि फोन क्रांतीच्या हातात कोंबला. "तूच बोल की बाय. आता ह्ये तुझं काम हाय."