बर्लिनचा रेडिओ

गुरुदत्तनं ऊर्मिलाच्या लॅपटॉपवरची व्याख्यानाची शेवटची चित्रं एकेक करून पुढं सरकवली आणि मान हलवली.

"वहिनी, बगदादपर्यंत झकास आहे. आल्झो, म्हणजे तिथंच थांबा ना. हे आपल्या लोकांचं कशाला काढता?"

"कारण रेडिओ एकच होता," ऊर्मिला म्हणाली.

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या मराठी मंडळाचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसला होता. मंडळाचा अध्यक्ष म्हणून गुरुदत्तनं मोठ्या हौसेनं तिचं व्याख्यान ठेवलं होतं: नाझी विचार आणि अरब राष्ट्रवादी. विषय ऐकूनच स्वारी खूश झाली होती. का, ते ऊर्मिलाला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सीरियन कुटुंब राहायला आल्यापासून त्याला असं काहीतरी हवंच होतं. शेवट गाळला, तर आज इथली माणसं घरी जाताना हातात अरबांवर उगारायला एक काठी घेऊन जातील, आणि ती आपणच तासून दिलेली असेल. इतिहासाच्या कागदांत तिनं इतकी वर्षं डोळे फोडले, ते काय यासाठी?

पुण्याहून आलेले तिचे सासरे, दीनानाथराव, पहिल्या रांगेकडं जाताना तिच्यापाशी थांबले.

"त्या काळी इंग्रजांना जो हाणेल तो आपला वाटायचा. त्यात चुकलं काय? तू ते काढू नकोस."

"अहो बाबा, तिकडच्या लोकांनाही नेमकं असंच वाटायचं."

ते खुर्चीत जाऊन बसले.

ऊर्मिला बोलू लागली. बर्लिनहून अरबीत चालणारं प्रसारण, इंग्रज-फ्रेंचांवरच्या रागात कालवलेलं ज्यूद्वेषाचं विष, नाझींसारखा गणवेश आणि सलाम उचलणाऱ्या काही तरुण संघटना, बगदादमधली ज्यूंची कत्तल. माना डोलत होत्या. या विचारांना ठणकावून विरोध करणारे अरबही होते, असं तिनं सांगितलं तेव्हा मात्र हॉलमध्ये चुळबुळ झाली. ती घोटभर पाणी प्यायली.

"आता त्याच बर्लिनहून भारतीय भाषांत जे प्रसारण चालायचं, त्याबद्दल..."

टाळ खणखणले. गुरुदत्तनं निरांजन पेटवून खड्या आवाजात आरती सुरू केली होती. सगळे उठून उभे राहिले. आरती चालू असताना भाषण करायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

पण ऊर्मिला माइकपासून तसूभरही हलली नाही. उभ्या जागी टाळ्या वाजवत राहिली. एक आरती संपली, गुरुदत्तनं दुसरी उचलली, मग तिसरी, आणि मग मंडळात कधी कुणी म्हटलीच नव्हती अशी एक. त्याचा घसा बसत चालला. तिनं शब्दन्शब्द त्याच्याहून वरच्या पट्टीत म्हटला. शेवटी मंत्रपुष्पांजली झाली, फुलं वाहून झाली.

"तर," ती माइकमध्ये म्हणाली, "आपण बर्लिनच्या रेडिओपाशी होतो."

"वहिनी, बास आता! लोकांना भूक लागलीय." गुरुदत्तनं मोदकांचं ताट उचलून दीनानाथरावांच्या हाती दिलं. "काका, तुम्ही ज्येष्ठ. प्रसाद तुमच्या हातून होऊ दे."

माणसं हात पुढं करून सरकू लागली. दीनानाथरावांनी ताटाकडं पाहिलं, मग गुरुदत्तकडं. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली होती.

"कुणाचं तोंड बंद करायला आरती करतात होय रे?"

ते ताट मांडीवर घेऊन खाली बसले आणि त्यावर त्यांनी आपलं उपरणं पसरलं.

"मला तिचं एक अक्षर पटायचं नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ऊर्मिला, बोल तू."

प्रसाद न घेता निघायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. इकडंतिकडं बघत माणसं एकेक करून परत खुर्च्यांवर टेकली. ऊर्मिलानं पुढचं चित्र लावलं.