पुढचे दोन दात

माणूस पुसून झाला होता, पण त्याचा हात राहिला होता. मंत्र्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं अजून तशीच होती आणि त्या बोटांमागे आता कुणीच नव्हतं. सिरियाको ओर्तिगोसाने भिंग डोळ्याजवळ नेलं, बारीक ब्रश करड्या रंगात बुडवला आणि करंगळीपासून सुरुवात केली. रेल्वेचे संचालक गेल्या आठवड्यात मर्जीतून उतरले होते. त्यांना कामावरून काढायला वरच्यांची एक सही पुरली. फोटोतून काढायला मात्र सिरियाको सकाळी साडेसहापासून बसला होता आणि आता नऊ वाजत आले होते.

राजधानीत, असुन्सियोनच्या बंदराकडच्या रस्त्यावर, सरकारी वृत्तसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला त्याची खोली होती. बावीस वर्षं तो इथे फोटो सुधारत होता. सुधारणे हा कचेरीचा शब्द. घामाचे डाग, सभेतल्या रिकाम्या खुर्च्या, मरगळलेले झेंडे, आंबलेले चेहरे, सगळं सुधारायचं. खालच्या मजल्यावर बातम्या लिहिणारे बसत आणि स्वतःला पत्रकार म्हणवून घेत. सिरियाको स्वतःला काहीच म्हणवून घेत नसे. लोक त्याला मास्तर म्हणत, तेवढं त्याला पुरे होतं.

इन्सफ्रान साहेब दार न वाजवता आत आले. फोटो विभाग त्यांच्याकडे होता, आणि दार वाजवायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"हात अजून आहे की रे याचा."

"जातोय, साहेब."

"खुर्ची सुटली, पण खांदा काही सुटत नाही बघ." स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि एक चिठ्ठी टेबलावर टाकली. "हे रविवारच्या पेपरांसाठी. पासो इताच्या दवाखान्याला वर्ष झालं. नवा फोटो काढायला त्या चिखलात कोण मरायला जाणार? गेल्या वर्षीचाच काढ, ती खाटेवरची मुलगी. खालची ओळ तेवढी नवी आहे. एकच्या आत दे, कचेरी बंद व्हायच्या आधी."

ते गेल्यावर सिरियाकोने ओळ वाचली. 'वर्षापूर्वी तापाने फणफणत पासो इताच्या नव्या दवाखान्यात आलेली चिमुकली आज ठणठणीत आहे.' वाचून त्याला काही वाटलं नाही. अशा ओळी तो रोज वाचत होता.

कपाटातून त्याने पाकीट काढलं. आत एक नेगेटिव्ह आणि एक प्रिंट. एवढंच ठेवायचं, बाकीच्या फ्रेम जाळायच्या, असा नियम होता. खाट त्याने लगेच ओळखली. तिच्या डोक्याकडची तिसरी सळई वाकलेली होती. लष्कराच्या ट्रकमधून ती खाट गावोगाव फिरत होती, आणि अकरा गावांच्या अकरा दवाखान्यांत त्याने ती सळई अकरा वेळा सरळ केली होती. घरच्या खाटेपेक्षा ही त्याच्या जास्त ओळखीची होती. खाटेवरच्या मुलीकडे मात्र त्याने आजही नीट पाहिलं नाही.

तेवढ्यात दारवान जिना चढून आला.

"मास्तर, खाली एक बाई बसल्यात. बासिलियाबाई. आमच्या तिकडच्या आहेत, पासो इताच्या. पहाटेपासून बसल्यात हो फाटकाशी. एक फोटो हवाय म्हणतात. वर आणू?"

"इथे कुणाला आणत नाहीत."

"ते मला माहीत आहे," दारवान म्हणाला आणि बाजूला सरकला. बाई त्याच्या मागेच उभी होती.

तिशी ओलांडलेली, काळी शाल, चिखलाने भरलेल्या चपला हातात धरलेल्या. दुसऱ्या हातात कापडाने झाकलेली टोपली, तिला चीज घातलेल्या पावाचा वास येत होता. चपला तिने दाराबाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत आली.

"मास्तर तुम्हीच ना? तुमच्यासाठी चिपा आणल्यात. काल भाजल्या, पण मऊ आहेत."

टोपलीच्या तळातून तिने पेपराचं कात्रण काढलं. इतक्या वेळा घडी घालून ते कापडासारखं मऊ पडलं होतं. तिने ते टेबलावर उलगडलं आणि तळव्याने हळूच सपाट केलं.

"ही माझी निदिया. वाण्याकडे पुड्याला आला होता हा कागद, मी मागून घेतला. पण घडी नेमकी तोंडावर आली बघा. तोंड गेलं. शनिवारी तिच्या वर्षाची प्रार्थना आहे. पाद्री म्हणाले, फोटो मांडा. दुसरा फोटोच नाही हो आमच्याकडे. म्हटलं, जिथे छापला तिथे चांगला असेल."

सिरियाकोने इन्सफ्रान साहेबांची चिठ्ठी उलटी करून ठेवली. बाईला वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्याचा हात आपोआप गेला.

"कसलं वर्ष?" त्याने विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं.

"गेली ना ती. फोटो काढला त्याच्या बाराव्या दिवशी."

खिडकीबाहेर गुलाबी फुलांनी लगडलेला लापाचोचा वृक्ष होता. गेल्या ऑगस्टातही तो असाच फुलला असणार. सिरियाकोने थंड पाण्याचा तांब्या ओढला, शिंगाच्या पेल्यातल्या यर्बाच्या वाळल्या पानांच्या चुऱ्यावर पाणी ओतलं आणि पेला तिच्यापुढे केला. तिने नळीने दोन घोट घेतले आणि पेला परत दिला. त्याने पुन्हा भरला, स्वतः प्याला, पुन्हा भरून तिला दिला. असं तीनदा झालं.

मग त्याने पाकिटातला प्रिंट तिच्यासमोर ठेवला.

ती पाहत राहिली. आधी केसांवरून बोट फिरवलं, मग कपाळावरून. तोंडाशी येऊन बोट थांबलं.

"हे तिचं तोंड नाही."

"नाही," सिरियाको म्हणाला. एकदा सांगायचंच, तर आत्ताच सांगावं. "ते हसू मी काढलंय, बाई. माझं कामच आहे ते. लोक रडत असतात, दमलेले असतात, मी त्यांचे ओठ जरा वर उचलतो. तुमची पोर तापात होती. रडत असेल. मी तिला हसवली. माझं चुकलं."

"रडत?" बासिलियाने मान वर केली. "रडत होती, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला वाटलं..."

"अहो, खदखदून हसत होती! ताप होता, पण अंगावर पांढरी चादर घातली, खाटेवर निजवली, मग काय विचारता. आमच्याकडे सगळे झुल्यातच झोपतात, खाट तिने जन्मात पाहिली नव्हती. वर-खाली उड्या मारत होती आडवी पडून. पुढचे दोन दात पडलेले, तेवढं भोक साऱ्या गावाला दाखवत होती. फोटोवाला ओरडला, तोंड मीट म्हणून. कुठली मिटतेय!" तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "ही बघा, कशी मास्तरणीसारखी बसवलीत तुम्ही."

सिरियाकोने प्रिंट उलटा केला. मागे इन्सफ्रान साहेबांची लाल पेन्सिल होती. 'दात नाहीत. दरिद्री दिसतं. तोंड मिटवा.' त्याने मिटवलं होतं. कोपऱ्यांना जरा उचलून, नीटनेटकं, जसं शाळेच्या पुस्तकात असतं तसं. नेगेटिव्हवरच पात्याने खरडून मिटवलं होतं, म्हणजे मूळ तोंड आता जगात कुठेच नव्हतं.

बावीस वर्षं तो मनाशी एक हिशेब धरून होता. आपण दुःखी माणसांवर खोटं हसू लावतो, त्यात कुणाचं काय जातं? आणि एकदा, फक्त एकदाच, या टेबलावर खरं हसू आलं होतं, तर तेच त्याने पुसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज, लहानपणी चोरी सापडल्यावर वाटते तशी.

"मग खाट?" त्याने विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

"चार वाजता ट्रकमध्ये चढवली. डॉक्टरही त्याच ट्रकमध्ये चढला. निदियाला मी खांद्यावर घेऊन घरी आणली. रोज विचारायची, आई, खाट कधी येणार? मी म्हणायची, उद्या." बासिलिया शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बारा दिवस उद्या म्हणत होते मी. तुम्ही एकटेच नाही, मास्तर."

मग तिने टेबलाच्या काचेखाली बोट दाखवलं. तिथे एक जुना फोटो होता. परकराचा घोळ धरून उभी असलेली मुलगी, तोंड कानापर्यंत फाकलेलं.

"ही तुमची?"

"मिर्ता. सात वर्षांची असतानाची. आता नदीपलीकडे दिली आहे. दोन मुलं आहेत तिला."

"हिचेही पडलेत की."

"त्या वयात सगळ्यांचेच पडतात."

"मग हिचं बघून करा ना." ती पुढे सरकली, कोपर टेबलावर टेकलं. "अस्सं. पण निदियाचं भोक जरा डावीकडे होतं. आणि मधून जीभ डोकवायची."

सिरियाकोने ब्रश धुतला. आधी करड्या रंगाने जुने ओठ झाकले, मग काळ्याचा अगदी बारीक थेंब घेतला. आजवर त्याला फक्त काय दिसू नये ते सांगितलं गेलं होतं. काय होतं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"खालचा ओठ जाड आहे तिचा. माझ्यासारखा."

त्याने तिच्या ओठांकडे पाहून घेतलं.

"गालाला खळी पडायची. एकाच. नाही, इकडच्या. आणि नाक फेंदारायचं हसताना... हां. थांबा. थांबा आता."

तो थांबला. बासिलियाने फोटो उचलला नाही, नुसती वाकून पाहत राहिली. मग शालीचं टोक तोंडात धरलं आणि मान हलवली.

"आली," ती म्हणाली.

ही निदिया नाही, हे सिरियाकोला माहीत होतं. अर्धं तोंड मिर्ताचं होतं, ओठ आईचा, आणि उरलेलं एका बाईच्या बोलण्यातून आलेलं. पण हे त्याने सांगितलं नाही. रंग वाळेपर्यंत दोघांनी एक-एक चिपा खाल्ली. मग त्याने फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीने बांधला, आणि क्षणभर थांबून पाकिटातली नेगेटिव्हही आत सरकवली.

"हे काळं काय?"

"यातून ती पुन्हा छापता येते, तोंड मात्र मिटलेलंच येईल. तुमच्याकडेच ठेवा. कुणी मागितलं तरी देऊ नका. सरकारी माणसाने मागितलं तर मुळीच नाही."

तिने कारण विचारलं नाही. पुठ्ठा टोपलीत ठेवला, वर कापड झाकलं आणि दाराशी जाऊन चपला उचलल्या.

पाऊण वाजता इन्सफ्रान साहेब आले, तेव्हा खालच्या मजल्यावर खिडक्या बंद करायला सुरुवात झाली होती.

"कुठाय पासो इता?"

"नेगेटिव्ह खराब झाली, साहेब. खरडताना पातं आरपार गेलं."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा?"

"हात कापतो हल्ली."

इन्सफ्रान साहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग खांदे उडवले.

"बरं, दुसरी कुठली तरी घे. मुलगी म्हणजे मुलगी. खाट दुसऱ्या फोटोतून जोड, खाटा काय ढिगाने आहेत आपल्याकडे. मी थांबतो इथेच."

आणि ते खरोखरच खुर्ची ओढून बसले.

सिरियाकोने कपाट उघडलं. पाकिटांवर नावं नव्हती, आकडे होते. त्याने एक काढलं, परत ठेवलं. दुसरं काढलं. ही कुणाची असेल? हिची आई कात्रणाची घडी कुठे ठेवत असेल? तिसऱ्याला त्याने हात लावला आणि तसाच मागे घेतला. कपाट बंद करून तो टेबलापाशी आला, काचेचा कोपरा नखाने उचलला आणि खालचा फोटो ओढून काढला. बरीच वर्षं चिकटलेला होता. काचेला त्याची चौकोनी खूण राहिली.

"ही कुठली?"

"आहे एक."

"कुणी बोंबलत येणार नाही ना उद्या?"

"नाही, साहेब. ठणठणीत आहे ती."

"मग काय! ओळसुद्धा खरी झाली." इन्सफ्रान साहेब खूश होऊन उठले. फोटो घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरला. "छान आहे की पोरगी. डोळे बघ कसे हसरे." मग त्यांनी तो परत टेबलावर ठेवला आणि लाल पेन्सिलीसाठी खिसा चाचपला. पेन्सिल सापडली नाही.

"दात पडलेत रे हिचे," ते म्हणाले. "तोंड मिटवून टाक."

सिरियाकोने मिर्ताला काचेवर सरळ ठेवलं आणि दिवा जवळ ओढला. ब्रशला निदियाच्या जिभेचा रंग अजून लागलेला होता. तो त्याने पाण्यात धुतला, बाहीला पुसला, करड्या रंगात बुडवला आणि वरच्या ओठापासून सुरुवात केली.