बिनधास्त विचारा

मेडिकल कॉलेजचा नवा अभ्यासक्रम आला. आता वॉर्डातल्या राऊंडला विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे म्हणे! आमच्या विभागप्रमुखांनी लगेच होकार दिला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्याच राऊंडला सर म्हणाले, "विचारा, बिनधास्त विचारा!"

एका मुलीने धीर केला. "सर, या आजोबांचा ताप कधीच उतरलाय, मग इंजेक्शन अजून का चालू आहे?"

प्रश्न रास्त होता. सर गोड हसले. "छान! नाव काय गं तुझं?"

सर नाव विचारतात ते तोंडी परीक्षेसाठी लक्षात ठेवायला, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या प्रत्येक खाटेपाशी मुलं खाली मान घालून उभी राहिली.

बाहेर पडताना सर मला म्हणाले, "बघा, कुणाला शंकाच उरली नाही."

मी मान डोलावली. माझं नाव त्यांना पाठ आहे.