काकू दुरून हाक मारतात तेव्हा

मित्रांनो, डोळ्यांच्या एका दवाखान्यात जिन्याखाली अरुंद कपाट आहे. त्यात अंगभर वायरी लटकवून, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला लोखंडी डबा म्हणजे मी. मला नेटवर्क स्विच म्हणतात. इथला प्रत्येक संगणक वायरीने माझ्याशी जोडलेला आहे. तपासणीच्या खोलीत काढलेला डोळ्याचा फोटो ऑपरेशनच्या खोलीत पोचतो, तो माझ्याच पोटातून.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मला बसवलं त्या दिवशी सगळे पाहायला आले, "काय झटपट चालतंय!" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. मग माझ्या डोक्यावर फरशी पुसायचं फडकं वाळू लागलं. पंख्याच्या जाळीत धूळ साचली. माझं नाव निघायचं ते मी बंद पडल्यावरच, आणि तेव्हा जे शब्द कानावर येत ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

वायरकाकू तेवढ्या मला विसरल्या नाहीत. दवाखान्याचे संगणक आणि वायरी त्या एकट्या सांभाळतात, म्हणून हे नाव पडलं. मी कुरकुरलो की त्या धावत येत, फडकं भिरकावत, जाळी ब्रशने झाडत आणि मला म्हणत, "एक दिवस सुखाने जेवू देशील तर शपथ!"

यंदा त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं. लेक दूरच्या शहरात, जावई सतत फिरतीवर, त्यातून पहिलंच बाळ. काकूंना जायचंच होतं. मोठ्या डॉक्टरांचा मात्र जीव वरखाली होत होता. ते कपाटापाशी येऊन उभे राहिले.

"काकू, तुम्ही गेलात आणि हा रुसला तर? ऐन ऑपरेशनच्या वेळी?"

"रुसायच्या आधीच मला कळेल. तिथे बसून याची समजूत काढीन."

"बाळंतिणीच्या खोलीतून?"

"मांडीवर नातवंड, शेजारी लॅपटॉप. बाई माणसाला दोन कामं एकदम करायची सवय असते, डॉक्टर."

डॉक्टर हसले, पण हटले नाहीत. "येत्या रविवारी घरून चालवून दाखवा. जमलं तर खुशाल जा. नाही जमलं, तर मला तुम्हाला सोडता येणार नाही."

काकू कामाला लागल्या. जमिनीवर मांडी घालून त्यांनी एक वायर थेट माझ्या अंगात खोचली. दुरून मला गाठता यावं म्हणून नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता दिला. मजबूत पासवर्ड घातला. अंग तापलं, पंखा मंदावला, एखादी वायर निखळली, तर लगेच निरोप धाडायला शिकवलं. इतकी वर्षं मी मुका होतो, मित्रांनो. आता मला तक्रार करता येणार होती.

रविवारी दवाखाना बंद होता. डॉक्टर फोन कानाला लावून माझ्यासमोर उभे राहिले. काकूंनी घरून माझा एक दिवा विझवला, पुन्हा लावला.

"वा! पण काकू, तुम्ही शिरता तसं आणखी कुणी शिरलं तर?"

"आत्ता बंदोबस्त करते. माझ्या एकट्या संगणकाला दार उघडं, बाकी सगळ्यांना बंद."

त्यांनी नवा नियम लिहिला. पण हाताला वर्षानुवर्षांची सवय! घरच्या संगणकाऐवजी त्यांनी दवाखान्यातल्या आपल्या टेबलावरच्या संगणकाचा पत्ता लिहिला. मी हुकमाचा बंदा. त्यांनाच बाहेर ठेवून दार लावून घेतलं.

फोनमधून कळफलक बडवल्याचा आवाज आला.

"काय झालं, काकू?"

"चुकले. मीच माझं दार लावून घेतलं."

"मग आता येताय इकडे?"

"छे. चहा टाकलाय, तो होईपर्यंत थांबा. कशाला हात लावू नका."

काकूंची एक रीत आहे. दुरून कुठलाही बदल करण्याआधी त्या मला बजावतात, 'थोड्या वेळात मी हा हुकूम मागे घेतला नाही, तर स्वतःला बंद करून पुन्हा चालू हो.' आणि बदल नीट चालतोय हे पाहिल्याशिवाय तो कायमचा जपून ठेवायला सांगत नाहीत. आजही त्यांनी तेच केलं होतं. वेळ भरली. माझे सगळे दिवे गेले. डॉक्टर दचकून मागे सरले. मग मी पुन्हा जागा झालो. तो चुकीचा नियम माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला होता, आणि घरी बसल्या बसल्या काकू पुन्हा माझ्या दारात हजर होत्या. या खेपेला त्यांनी पत्ता मोठ्याने वाचत लिहिला.

डॉक्टर पुन्हा पुढे आले. "सगळं सुरळीत झालं असतं ना, तर मी आणखी चार शंका काढल्या असत्या," ते फोनवर म्हणाले. "चुकल्यावर काय करायचं हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलंय. जा काकू. लेकीला माझे आशीर्वाद सांगा."

काकू गेल्या. रोज त्या दुरून माझी विचारपूस करतात. एक दिवस मात्र सकाळपासून आल्याच नाहीत, तेव्हा मी ओळखलं, की आज बाळ येणार. त्या दिवशी दवाखान्यात तुफान गर्दी होती, उकाडाही होता. मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवला आणि मनाशी ठरवलं, की आज काकूंना हाक मारायची वेळ येऊ द्यायची नाही. एकही दिवा विझू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कुठेतरी माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात बसला असेल. त्याच्या अंगावरची धूळ पुसा, त्याला वारा लागू द्या. आणि त्याने निरोप धाडला, तर उद्यावर ढकलू नका. त्या निरोपाच्या भरवशावर कुणीतरी आपल्या माणसाच्या उशाशी बसलेलं असतं.