केबिनमधला माऊस

मास्तरच्या पोटात दुखत होतं, आणि ते औषधाने बरं होणारं दुखणं नव्हतं. ऑफिसातली कामं कॉम्प्युटरवर कशी करायची, इंटरनेट कसं वापरायचं, हे शिकवण्याचा धंदा त्याने उभा केला. धाकट्या बहिणीला की-बोर्डवर बोटं कुठे ठेवायची हे त्यानेच शिकवलं. आणि आता येणारा प्रत्येक जण दारातून मान आत घालून विचारायचा, "ताई आहेत का?"

का विचारतात, तेही त्याला ठाऊक होतं. शिकवताना मास्तर समोरच्याच्या हातातून माऊस ओढून घ्यायचा, चार टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "झालं, सोपंय!" माणूस आला तसा कोरा घरी जायचा. बहीण मात्र समोरचा कितीही चुकला, घामाघूम झाला, तरी माऊसला हात लावायची नाही. नुसतं उभं राहण्यात कसली आलीय अक्कल? पण लोकांना तिचंच कौतुक.

आज तर कहरच झाला. एका मोठ्या गोदामाची मालकीणबाई स्वतः आपले कारकून घेऊन आली. एक धडा बघून ती ठरवणार होती, वर्षभर आपलं ऑफिस यांच्याकडे शिकायला द्यायचं की नाही. धंदा तरायचा तर हे काम हवंच होतं.

"ताईंनाच शिकवू दे," ती म्हणाली. मास्तरकडे बघितलंसुद्धा नाही.

तो केबिनमध्ये जाऊन बसला. तिथून वर्गातला कुठलाही कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर बघता यायचा, चालवताही यायचा. बिघाड काढायला केलेली सोय ती.

पातळ भिंतीतून टकल्या कारकुनाचा आवाज आला, "ताई, हा बाण आमच्या जावयासारखाय. बोलावला की येत नाही, नको तिथे हजर!"

"मग मान द्या की त्याला. हळूच न्या."

हशा पिकला. मास्तरच्या वर्गात कधी माशी हसली नव्हती.

त्याचा हात माऊसवर गेला. टकल्याच्या पडद्यावरचा बाण सटकला. लिहीत आणलेलं पत्र मिटलं, भलतंच काहीतरी उघडलं.

"आई गं! ताई, मी काही नाही केलं हो!"

मास्तरला गुदगुल्या झाल्या. निस्तर म्हणावं आता!

"सगळे इकडे या," बहीण म्हणाली. आवाजात घाई नाही. "काका, हात वर करा बघू. केलात? तरी बाण पळतोय. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर दुसरंच कुणीतरी चालवतंय. ऑफिसात असं झालं तर पहिलं काय कराल?"

"बोंब मारू!"

"खुशाल मारा. पण आधी ही इंटरनेटची वायर उपटा."

मास्तरचा पडदा काळा पडला.

मालकीणबाई केबिनमध्ये आली, मास्तरचा माऊसवरचा हात बघून हसलीच. "मास्तर, मानलं बाई! आमच्याकडे असाच कुणी घुसला होता, तर सगळे तोंड वासून बघत बसले. तुम्ही आतून, ताई बाहेरून, काय बसवलंय! डोकं कुणाचं?"

मास्तरने माऊसवरचा हात काढून घेतला. मागे उभी असलेली बहीण म्हणाली, "दादाचंच."

काम मिळालं. मालकीणबाई कारकुनांना घेऊन जिना उतरली, तशी बहिणीने दार लावून घेतलं.

"वाचवलंस म्हणून मिरवू नकोस," मास्तर गुरगुरला.

"तुला नाही, धंद्याला वाचवलं. त्या काकांचे हात थरथरत होते, दादा. लाज कशी नाही वाटली? उद्यापासून वर्ग माझा. केबिनमधून वर्गात शिरायचा पासवर्ड सांग, बदलून टाकते."

"धंदा माझा आहे!"

"मग जाऊन सांग त्या बाईंना, डोकं कसलं होतं ते."

त्याने पासवर्ड सांगितला. तिने चार लोकांत त्याची अब्रू काढली असती तर जन्मभर तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तेवढीही सोय तिने ठेवली नाही. सटवी कुठची!