सात रंगांखालचे कपाट

“पाचर आतून मार. बाहेरून दिसली की येणारा-जाणारा उपटतो.”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य. म्हातारा सुतार आपल्या भावाला सांगत होता आणि मी तेव्हा नुसता फळ्यांचा ढीग होतो. आज मी एक जुने कपाट आहे. जुने म्हणा, माझी हरकत नाही. मोडके मात्र म्हणू नका. ते मी आजवर कुणाकडून ऐकून घेतलेले नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही.

माझे लाकूड एका पाडलेल्या गोदामाच्या तुळयांचे. म्हणजे कपाट होण्याआधीच मी एक अख्खा जन्म ओझे पेलण्यात घालवला होता. ज्या खोलीत मला उभे राहायचे होते तिचे दार अरुंद, आणि जिना त्याहून अरुंद. सुताराने दार मापले, जिना मापला, फळ्या सुट्या वर नेल्या आणि मला खोलीतच जोडले. खिळा एकही नाही. एका फळीची जीभ दुसऱ्या फळीच्या खाचेत, आणि वरच्या चार कोपऱ्यांत आतल्या बाजूने चार पाचरी. पाचर म्हणजे एका टोकाला निमुळता केलेला लाकडाचा बोटभर तुकडा. ती बसली की सगळे कपाट घट्ट, ती निघाली की सगळे मोकळे.

जाताना सुताराने घरातल्या बाबांना सांगितले, “साहेब, कधी घर बदलायची वेळ आली तर चार पाचरी काढा. बिनबोभाट बाहेर येईल.” बाबांनी मान डोलावली. डॉक्टरांचे आणि सुताराचे सांगणे माणसे दारापर्यंत लक्षात ठेवतात. बाबांनी तेवढेही ठेवले नाही. ते तेव्हाच मला कोणता रंग द्यावा याचा विचार करत होते.

तो रंग! बाबा माणूस मोठा प्रेमळ, पण हातात कुंचला आला की त्यांना आवरणारे कुणी नव्हते. आधी मला पोपटी केले. मग तपकिरी. मग आकाशी, कारण डबा उरला होता. घासून घ्यायचे, जुना रंग काढायचा, हे त्यांना मान्यच नव्हते. “झाकलं की झालं!” असे म्हणत ते रंगावर रंग चढवत. बिजागऱ्या रंगल्या, किल्लीचे भोक रंगले, एकदा तर माझ्यावर बसलेली माशीही रंगली. असे सात थर झाले.

आईंचे वागणे मात्र निराळे. सकाळी अंघोळ झाली की तोंडात काही घालण्याआधी त्या कोरडे मऊ फडके घेऊन माझ्यापुढे उभ्या राहत. दारे, कडा, मूठ, माथा. ओले फडके त्यांनी मला कधी लावले नाही. चौतीस वर्षांत हा नेम दोनदाच मोडला. एकदा मुलगा जन्मला तेव्हा, आणि एकदा बाबा गेले तेव्हा. मी रडणाऱ्यांतला नाही. पण त्या दोन वेळची धूळ मला अजून ओळखता येईल.

मुलगा मोठा झाला तसा माझ्या दारांशी भांडू लागला. दार अडले की तो लाथ घाली आणि म्हणे, “लाकूड फुगलंय!” मित्रांनो, मी फुगलो नव्हतो. माझे लाकूड त्याच्या आजोबांच्या आधीपासून वाळलेले होते. दार आणि चौकट यांच्यामध्ये सात रंग येऊन बसले होते. अंगावर सात सदरे घालून तुम्ही जरा हात वर करून दाखवा, मग मला नावे ठेवा.

मग ते घर रिकामे करायचे ठरले. मुलगा आणि सूनबाई दुसऱ्या भागात तिसऱ्या मजल्यावर राहत होते, आणि आता आई त्यांच्याकडे जाणार होत्या. जुने सामान घेणारा आला. त्याने माझ्या पोटावर टकटक केले, दाराकडे पाहिले.

“काकू, हे दारातून निघत नाही. कापावं लागेल.”

“मग आत आलं कसं?” आईंनी विचारले.

“ते मला काय माहीत? मी थोडाच आत घालायला होतो!”

मुलाने टेप लावून पाहिली आणि मान हलवली. “आई, तो बरोबर बोलतोय. आणि तिकडे भिंतभर नवीन कपाट आहे. त्यातले दोन कप्पे तुझे.”

“दोन कप्प्यांत कपडे राहतात रे, माणूस राहत नाही.” आईंचा आवाज एरवीसारखाच हळू होता. “तिथं ताटापासून टाचणीपर्यंत सगळं तुमचं. मी आनंदानं येतेय. पण सकाळी उठल्यावर हात फिरवायला माझं असं एक काहीतरी असू दे.”

“अगं, पण निघतच नाही तर काय करू? भिंत पाडू?”

मी ओरडून सांगत होतो. वर बघा, आत बघा, चार पाचरी आहेत! पण कपाटाचे बोलणे म्हणजे नुसती करकर. “कुरकुरायला लागलंय बघ,” मुलगा म्हणाला.

शनिवारी तो करवत घेऊन आला. माझ्या डाव्या बाजूला, खालून त्याने सुरुवात केली. दोन बोटे आत गेल्यावर करवत अडकली. त्याने ओढली, ढकलली, पाय लावून खेचली. घामाघूम झाला. मी काही केले नाही, मित्रांनो. मी फक्त सोडले नाही.

करवतीला लावायला साबण आणावा म्हणून तो बाहेर गेला, आणि आई आत आल्या. त्यांनी माझे उजवे दार खांद्याने नेहमीसारखे नेमके ढकलले. लांब कपडे टांगायचा तो कप्पा आता रिकामा होता. त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि गुडघे हनुवटीशी घेऊन माझ्या आत बसल्या. दार ओढून घेतले.

मुलगा परतला. “आई? आई कुठं गेली?”

“इथंच आहे,” आतून आवाज आला. “काप आता.”

तो साबण हातात धरून उभाच राहिला. खोकी भरणारी सूनबाई धावत आली आणि दार उघडून बघते तो काय! आधी तिला हसू फुटले.

“आई, पाय आखडतील तुमचे.”

“आखडू देत. पाय माझेच आहेत.”

“आई, लोक काय म्हणतील?” मुलगा कळवळला.

“म्हणतील, म्हातारी कपाटात बसली. खोटं थोडंच आहे?”

सूनबाईने पाणी आणून दिले आणि ती खाली फरशीवरच बसली. मग हळूच म्हणाली, “खरं सांगू? आमच्या त्या नव्या कपाटाचा पाय फरशी पुसायच्या पाण्यानं फुगलाय. अजून वर्षही झालं नाही. दुकानात मी दारांची चकाकी बघितली आणि पसंत केलं. पाठ बघितलीच नाही. पाठीला नुसता पुठ्ठा आहे हो.”

“हे मला नाही सांगितलंस,” मुलगा म्हणाला.

“तुम्ही विचारलं कुठं?”

आईंनी पाणी प्यायला मान मागे टाकली, आणि पेला ओठाशी तसाच थांबला.

“अगं, तुझा तो मोबाइलचा दिवा दे बघू.”

चौतीस वर्षे सगळ्यांनी मला उभ्याने पाहिले होते. उभ्या माणसाला माझी छताखालची कड दिसत नाही. खाली बसून वर पाहणारे माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. बाबांनी दिसेल तेवढेच रंगवलेले, त्यामुळे आतले लाकूड पहिल्या दिवशी होते तसेच उघडे. कोपऱ्यांत दोन लाकडी तुकडे. सूनबाईने डावे दार उघडून डोके आत घातले. “इकडेही दोन आहेत!”

“हे काढता येत असणार,” आई म्हणाल्या.

“काहीतरीच! सगळं अंगावर येईल तुझ्या.”

“मग मी बाहेर येते. तू आत बस.”

पण बाहेर पाय टाकण्याआधी त्यांनी मुलाचा हात धरला. “हे अख्खं निघालं तर याचा रंग तू खरवडायचास. तुझ्या हातानं, माणूस न लावता. सातही थर. देतोस वचन?”

“देतो. पहिल्याच रविवारी.”

घरात हातोडी सापडेना म्हणून लाटणे आणले. पहिला घाव त्याने जाड टोकावर घातला आणि पाचर आणखीच आत रुतली. “अहो, उलटं! निमुळत्या टोकाकडून,” सूनबाई ओरडली. मग एक निघाली, दुसरी, तिसरी. चौथीला त्याने हात लावला तेव्हा मी माझ्या इच्छेने सोडले. हे लिहून ठेवा. मला कुणी हरवले नव्हते.

खडू नव्हता, म्हणून सूनबाईने फळ्यांवर लिपस्टिकने आकडे घातले. मी सुटा सुटा होऊन जिना उतरलो, पण तुटून नाही. आता आईंच्या खोलीत खिडकीशेजारी मी पुन्हा ताठ उभा आहे. आतल्या फळीवर लाल चारचा आकडा मिरवतो आहे. आईंचा नेम रोज चालू आहे.

राहिले ते वचन. पहिल्या रविवारी मुलाला सर्दी होती. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “बघू.” सूनबाई चिडून म्हणाली, “आई, तुम्ही एकदा बोला ना!” आई म्हणाल्या, “आठवण करून दिली की त्याचा तगादा होतो गं. वचन ज्याचं त्यालाच आठवावं लागतं.” आई थांबू शकतात. मी तेवढा सोशिक नाही. मुलाने आईंचे औषध काढायला दार ओढले की मी ते दोन्ही अंगांनी आवळून धरतो.

मित्रांनो, कपाट घ्यायला जाल तेव्हा तोंड पाहून भुलू नका, पाठ पाहा, खाली वाकून पाय पाहा. घरात आहे त्याला ओले फडके लावू नका, ओढत नेऊ नका, आणि नवा रंग देण्याआधी जुना काढा. कुणाला मोडीत काढायचेच झाले, तर त्याआधी एकदा त्याच्या आत बसून पाहा. ही माझी विनंती नाही. मी बजावतो आहे.

आज चौथा रविवार. नुकते उजाडले आहे. आई अंघोळीला गेल्या आहेत, पाण्याचा आवाज येतो आहे. मुलगा अनवाणी खोलीत आला. त्याच्या काखेत जुनी वर्तमानपत्रे होती आणि हातात पॉलिश पेपर, रंग खरवडायचे पाते. त्याने आवाज न करता दार लोटून घेतले. माझ्या पायांशी कागदाला कागद जोडून नीट अंथरले, नाकाला रुमाल बांधला, खिडकी उघडली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.